‘छापलंय कुठं?’ विचारणारा धुळा

आपण एकतीस वर्षांपूर्वीच वारलो आहोत, हे माझ्या मैत्रिणीला गेल्या माघात एका सकाळी चहा पिताना कळलं. मैत्रिणीचं नाव लीलाबाई. राहायला मिरजेत. तिच्या भावाची नात प्रांजल तिथल्याच एका दवाखान्यात नर्स आहे. तिनं फोनवर इंटरनेटवरचा तो मोठा ज्ञानकोश उघडला होता. हा ज्ञानकोश पगारी विद्वान लिहीत नाहीत. तुमच्या-माझ्यासारखं कुणीही त्यात जाऊन लिहू शकतं, आणि दुसरं कुणीही येऊन ते खोडू शकतं. त्यात ‘मंजिरी सातारकर’ या नटीवर, म्हणजे हिच्यावरच, एक पान होतं. जन्म मेढा, मृत्यू १९९४.

लीलाबाईनं मला सांगलीला फोन लावला.

“रंगू, मी गेले गं.”

“कुठं?”

“वर. चौऱ्याण्णव सालीच. आणि तू साधी भेटायलासुद्धा आली नाहीस!”

मी रंगुबाई. कृष्णाई नाट्य मंडळीत मी पंधरा वर्षं सासवा केल्या. एकविसाव्या वर्षी डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप चढवला, तो उतरवला तेव्हा खालचे केसही त्याच वाटेला लागले होते. तंबू, कनाती, जनरेटर घेऊन आम्ही वाईपासून जतपर्यंत जत्रा करत फिरायचो. कंपनीची नायिका मंजिरी सातारकर. दुसऱ्या अंकात मी तिला रोज थोबाडीत मारायचे आणि समोरच्या बाया मला शिव्या घालायच्या. एका गावात एकीनं चप्पल फेकली. खेळ संपल्यावर ती परत न्यायला आत आली, मला बघितलं आणि म्हणाली, “आवं, तुमी तर लय गरीब दिसताय! आता दुसरी बी दिऊ का, घालायला?”

आता एक गोष्ट इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढं तुमचा गोंधळ व्हायला नको. मंजिरी सातारकर नावाची बाई कधी जन्मालाच आली नव्हती. ते नाव कंपनीचं होतं. आमच्या शंभूराज मालकांनी ते फलकावर रंगवून घेतलं होतं, जाहिरातीसाठी चित्रासकट छपाईचा ठसा करून घेतला होता, आणि ठशातला चेहरा मुद्दाम अर्धा पदराआड ठेवला होता. पहिली मंजिरी होती मेढ्याची राहीबाई. तिनं तीन वर्षं कामं केली, एकाहत्तरच्या मे महिन्यात लग्न केलं आणि गेली. नंतर मिरजेची लीला त्याच नावानं उभी राहिली आणि तिनं बारा वर्षं तंबू भरवले. प्रेक्षकांना बदल कळू द्यायचा नाही, अशी मालकांनी आम्हा सगळ्यांकडून नारळावर हात ठेवून शपथ घेतली होती. मालक गेले, कंपनी मोडली, तंबू एका मंडपवाल्यानं नेला. शपथ तेवढी माझ्याकडं राहिली.

लीलाबाईला सत्कार नको होता, शाल नको होती. तिचं मागणं एका वाक्याचं होतं.

“मी होते, एवढं लिहिलेलं असू दे. आणि मला वाचता येतंय तोवर.”

हे दुसरं वाक्य ती हळूच बोलली. तिच्या डोळ्यांच्या पडद्याला खराबी आली होती. पावसाळ्यापर्यंत छापील अक्षर दिसेल, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

मग काय! मी फोन समोर ठेवला आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागले. फोन आपोआप अक्षरं उमटवत गेला. ‘लाखो रसिकांच्या काळजाची राणी, जिच्या एका कटाक्षानं तंबूचे खांब थरथरत, त्या अभिनयाच्या महाराणी मंजिरी सातारकर आजही मिरजेत हयात असून...’ आमच्या काळी जीपवर भोंगा लावून गावातून असंच ओरडत फिरायचे. मला वाटलं, लिहायची रीतही हीच.

बारा मिनिटांत सगळं गायब. खोडणाऱ्यानं कारण दिलं होतं, ‘भाषा जाहिरातीची. संदर्भ नाही.’ खाली नाव होतं, धुळा.

या ज्ञानकोशात प्रत्येक पानाच्या मागं भांडायला एक वेगळं पान असतं. त्याला चर्चापान म्हणतात. मी तिथं गेले आणि विचारलं, “कोण रे तू? मी तिच्याबरोबर आयुष्य काढलंय!”

तासाभरानं उत्तर आलं. “नमस्कार मावशी. मी मेंढरं राखतो. लाखो रसिक कुणी मोजले? खांब थरथरले असं कुठं छापून आलंय? पानावरचं मृत्यूचं सालही मी काढलं आहे, कारण त्यालाही संदर्भ नव्हता. म्हणजे तूर्त आपली मैत्रीण जिवंतही नाही आणि मेलेलीही नाही. रागवू नये.”

‘मेंढरं राखतो’ हा मला टोमणा वाटला. मी विचारलं, राखतोस तर कुठं? त्यानं सरळ सांगून टाकलं, तासगावच्या अलीकडं, ऊस तुटलेल्या अमक्या रानात. दुसऱ्या दिवशी मी एसटीत बसले. रागात असले की मला घरात बसवत नाही.

रानात खरोखरच दीडशे मेंढरं खतासाठी बसवली होती. बांधावर चाळिशीचा एक उंच गडी उभा. पांढरा सदरा, गुडघ्यापर्यंत वळलेली विजार, खांद्यावर घोंगडं आणि घोंगड्याच्या घडीतून लोंबणारी चार्जरची वायर.

“धुळा कोण?” मी बांधावरूनच आवाज लावला.

“मीच की. या मावशी. कुत्र्याला भिऊ नका, त्यो फकस्त वळखीच्यांस्नी चावतोय.”

“माझं लिहिलेलं तू खोडलंस?”

“व्हय.”

“का?”

“बसा तरी. उभं ऱ्हाऊन भांडलं की पाय दुखत्यात.”

त्याची बायको राणी तीन दगडांच्या चुलीवर चहा टाकत होती. ती म्हणाली, “मावशी, ह्यो मला बी आसंच करतोय. म्या म्हनलं, आमच्या म्हायेरची पुरणपोळी समद्यात भारी. तर म्हनतोय, कोण म्हनलं? तुमच्याच म्हायेरची मानसं व्हय?”

“मग काय चुकलं?” धुळा म्हणाला. “त्रयस्थानं म्हनलं पायजे.”

“त्रयस्थाला पोळी कोन वाढतंय?”

मी हसू आवरलं. रागवायला आलेल्या माणसानं पहिल्या पाच मिनिटांत हसायचं नसतं.

“हे बघ,” मी म्हणाले, “मी या डोळ्यांनी बघितलंय.”

“तुमच्या डोळ्याला मी न्हाई म्हनत न्हाई मावशी. पन मेढ्याचं एक सुभेदार हायेत, तेबी म्हनत्यात आमी डोळ्यानं बघितलंय. मी कुनाचा डोळा धरू?”

सुभेदार म्हणजे उदयसिंह, राहीबाईचा मुलगा. फौजेतून निवृत्त होऊन मेढ्याला शेती बघतो. ते पान त्यानंच सुरू केलं होतं. चौऱ्याण्णवला आई गेली तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. घरात तिच्या नाटकाचा उल्लेखही कुणी करत नसे. ती गेल्यावर ट्रंकेच्या तळाशी त्याला मंजिरी सातारकरच्या जाहिराती सापडल्या, आणि तेव्हापासून त्यानं मंजिरीचं जे जे मिळेल ते जमवून आईच्या नावावर चढवलं होतं. प्रांजलनं पानावरचा ‘मेढा’ खोडून ‘मिरज’ केलं की तो ‘मिरज’ खोडून ‘मेढा’ करायचा. एका दुपारी असं अकरा वेळा झालं. शेवटी धुळानं वरच्या अधिकारातल्या लोकांना सांगून पान आठवडाभर कुलुपात ठेवलं आणि माथ्यावर पाटी लावली, ‘या लेखाच्या निष्पक्षतेबद्दल वाद आहे.’

“आन दोघांस्नीबी सांगितलंय,” तो म्हणाला, “घरचं मानूस असंल तर पानाला हात लावायचा न्हाई. मागनं काय ते चर्चेच्या पानावर मांडायचं. तुमीबी त्यातच आलात.”

“मी कुठं घरची?”

“तुमी तर घरच्यापरीस वंगाळ. तुमी मैत्रीन.”

चहा पिता पिता मी त्याला विचारलं, तू या भानगडीत पडलास कसा? तो आटपाडीकडचा. वाडवडील मेंढरांमागं फिरले. तो मात्र मेंढरं सांभाळतच बाहेरून बीए झाला. एकदा फोनवर वाचताना ज्ञानकोशात मेंढ्यांच्या लोकरीबद्दल काहीतरी चुकीचं दिसलं. त्यानं खोडलं. कुणीतरी ते परत आणलं आणि विचारलं, आधार काय? धुळानं लिहिलं, माझ्याकडं एकशे चाळीस मेंढरं आहेत. उत्तर आलं, मेंढरं हा संदर्भ धरता येत नाही.

“लय राग आला,” तो म्हणाला. “म्या मेंढरास्नीच इचारलं, तुमी संदर्भ न्हाई म्हनं! मग सांगलीला जाऊन सरकारी दवाखान्याच्या मानसाकडनं पशुसंवर्धनाचं पुस्तक मिळवलं. माझंच खरं निघालं, पन पान नंबर दिल्याबिगर कुनी ऐकंना. तवापासनं ग्वाडी लागली.”

आता त्याला बारा वर्षं झाली होती. कुठल्या गावची जत्रा सगळ्यात जुनी, अमक्या कुस्तीत कोण चितपट झाला, तमक्या पुढाऱ्याला ‘जनतेचा कैवारी’ म्हणायचं का, असल्या शेकडो भांडणांत तो बसला होता. पुढाऱ्याच्या माणसांनी फोन करून दम दिला, तर यानं विचारलं म्हणे, “कैवारी न्हाईत आसं म्या कुठं म्हनलंय? कोन म्हनतंय तेवढं सांगा, त्येच्या नावानं लिवतो.” कैवारी म्हणणारा पुढाऱ्याचा मेव्हणाच निघाला. मग ते नको म्हणाले.

निघताना त्यानं मला एक दृश्य दाखवलं. दुसऱ्या एका मेंढक्याचा कळप पाण्यावर आला आणि दोन्ही कळप एकमेकांत शिरले. मला वाटलं, आता कुणाचं मेंढरू कुठलं यावरून काठ्या निघणार. पण दोघंही तंबाखू मळत बसले. राणीनं आणि त्या दुसऱ्या बाईनं जाळीतली कोकरं सोडली. असा काही कालवा उठला! प्रत्येक कोकरू ओरडत, हुंगत, दहा आयांच्या लाथा खात शेवटी आपल्याच आईच्या कासेला जाऊन लागलं. मग आया वेगळ्या केल्या, झालं.

“आमी भांडत न्हाई मावशी,” धुळा म्हणाला. “एकेक वाक्य सोडायचं आन त्येची आई बघायची. आई न घावली तर वाक्य उपाशी. पन त्या मंजिरीच्या पानात कायतरी गडबड हाय. वाक्यं बी खरी वाटत्यात, कागद बी खरं हायेत, आन तरीबी कोकरं दोन कडला पळत्यात.”

शपथ माझ्या जिभेच्या टोकावर आली होती. मी बोरं विकत घ्यायच्या निमित्तानं उठले.

आठ-दहा दिवसांनी त्याचा फोन आला. उदयसिंहानं चर्चापानावर एक कात्रण चढवलं होतं. सांगलीच्या कुठल्याशा दैनिकातलं. मंजिरी सातारकरला स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळाल्याची बातमी, शेजारी तो पदराआडचा ठसा. आणि खाली उदयसिंहानं लिहिलं होतं, वर्ष १९६९. आपल्याकडं कात्रण कापायची एक पद्धत आहे. फोटो नीट यावा म्हणून आपण कडेकडेनं सुबक कापतो, आणि नेमकी तारीख कात्रीखाली जाते. या कात्रणावरही तारीख नव्हती. कुणा नातेवाइकाकडून मिळालेलं, साल उदयसिंहानं अंदाजानं घातलं होतं.

“मावशी, म्या सुभेदारास्नी कात्रनाची मागची बाजू मागितली,” धुळा म्हणाला. “ते म्हनलं, मागं काय न्हाई, अर्धी बातमी हाय. म्या म्हनलं, अर्धीच द्या. तुमाला धाडलीय, वाचा बरं.”

मी चष्मा लावला. अर्ध्या बातमीत एवढंच होतं, ‘...दहावीचा निकाल उद्या जाहीर होणार असून विद्यार्थ्यांनी आपापल्या शाळेत...’

“यात काय आहे?”

“तुमी मॅट्रिक कितवीत झाला?”

“मी नाहीच झाले. पण आमच्या वेळी अकरावीला व्हायचे.” आणि मी थांबले. दहावीची परीक्षा पंच्याहत्तर साली आली. माझ्या धाकट्या भावाची ती पहिलीच तुकडी. आमच्याकडं वर्षभर रडारड चालली होती.

“म्हंजी ही बातमी एकोणसत्तरची न्हाई,” धुळा म्हणाला. “पंच्याहत्तरची न्हाईतर त्येच्या पुढची. आन सुभेदारांनी स्वता लिवलंय, आईचं लगीन एकाहत्तरला झालं, मग नाटक बंद. आता सांगा मावशी. मंजिरी किती होत्या?”

मी चष्मा काढून पुसायला लागले. 

“म्या जबरी करत न्हाई,” तो म्हणाला. “पन त्या बाईंच्या डोळ्यांचं प्रांजलताईंनी मला सांगितलंय.”

“दोन होत्या,” मी म्हणाले. “आणि मी मालकांना शब्द दिला होता.”

“मालक कवा गेलं?”

“शहाऐंशीला.”

“आन शब्द कशापायी दिलावता?”

“तिकीट काढणाऱ्याचा विरस होऊ नये म्हणून.”

“आता तिकीट कोन काढतंय?” तो अगदी साधेपणानं म्हणाला. खरंच. कोण काढतंय?

मला वाटलं, आता झालंच काम. पण कसलं काय. धुळा म्हणाला, “तुमी मला फोनवर सांगितल्यालं चालत न्हाई. लगीन एकाहत्तरला आन बक्षीस पंच्याहत्तरला न्हाईतर त्येच्या पुढं, म्हनून बाया दोन, आसं म्या आपल्या मनानं जोडूनबी लिवायचं न्हाई. कागद जोडून तिसरीच गोष्ट काढायला आमाला बंदी हाय. कुनीतरी तपासून छापलं पायजे.”

“म्हणजे सगळं ठाऊक असून लिहायचं नाही?”

“ठावं हाय म्हनून तर सांभाळून.”

“धुळा, तू मागच्या जन्मी तिकीट तपासनीस होतास.”

“ह्याला कुठं छापील आधार?”

त्याच संध्याकाळी त्यानं उदयसिंहाला फोन केला. फोन करताना त्यानं मलाही जोडून घेतलं, आणि तसं सुभेदारांना आधी सांगितलं. लपूनछपून काही करायचं नाही, हा त्याचा नियम. सुभेदार सुरुवातीलाच कडाडले.

“एकदम क्लिअर सांगतो धुळाजी, आमच्या आईचं नाव खोडायचा प्रयत्न झाला तर मी वरपर्यंत जाणार!”

“खोडत कोन न्हाई सायेब. एकच इचारतो. तुमी पैलीला कवा गेला?”

“अठ्ठ्याहत्तर.”

“शाळंत डबा असायचा?”

“असायचा की. आई द्यायची. शेंगदाण्याची चटणी आन भाकरी. रोज.”

“रोज?”

“रोज म्हणजे रोज. एक दिवस चुकला न्हाई. शाळेच्या फाटकापर्यंत यायची, मी लाजायचो...”

सुभेदार मध्येच थांबले.  जत्रेच्या हंगामात आमची मंजिरी सलग चार-चार महिने घराबाहेर असायची, हे मी सांगू शकले असते. मी ते सांगितलं नाही. पलीकडून एका ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

“मग ते बक्षीस आईचं न्हाई,” अखेर सुभेदार म्हणाले.

“ते न्हाई. पन पैली मंजिरी त्याच. ह्या रंगुबाई सांगत्यात.”

“कोण रंगुबाई?”

“तुमच्या आईची सासू,” मी म्हणाले, आणि मग सावरून घेतलं, “नाटकातली.”

पुढचं काम माझं होतं. मी सांगलीतल्या एका साप्ताहिकाच्या संपादकांकडं लेख घेऊन गेले. पहिल्या मसुद्यात खांब थरथरतच होते. संपादक भले माणूस, पण त्यांनीही धुळासारखंच विचारलं, पुरावा? मी कंपनीचा फोटो काढून दिला. त्याच्या मागं मालकांच्या हातानं सगळ्यांची खरी नावं लिहिली होती. चार दिवसांनी सुभेदार स्वतः मेढ्याहून आईची लग्नपत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आले. संपादकांनी वाईला आमच्या जुन्या पेटीवाल्याच्या घरी फोन करूनही खात्री केली. लेख छापून आला. पान चार, दोन कॉलम.

मी अंक विकत घेतला आणि धुळाला फोन केला. “आलं! आता लिही!”

त्यानं लिहिलं. मी वाचलं आणि पुन्हा खवळले.

“‘कंपनीतील कलावंत रंगुबाई यांच्या लेखानुसार’ म्हणजे काय? लेखानुसार? मी काय ऐकीव सांगतेय?”

“कोन म्हनतंय ते सांगाय नको व्हय?”

“आणि मी तिला ‘श्रेष्ठ’ म्हटलं होतं!”

“ते तुमी म्हनलं. पान न्हाई म्हनत.”

“आणि थोबाडीत?”

“ती ठिवलीय. फोटूच्या मागं सासू म्हनून तुमचं नाव हाय.”

मे महिन्याच्या अखेरीस, मेंढरं घेऊन परत पूर्वेकडं निघायच्या आधी, धुळा मिरजेला लीलाबाईच्या घरी आला. मी होतेच. प्रांजलनं फोनवरची अक्षरं मोठी करून ठेवली होती. उदयसिंहही आले होते. फौजी चालीत आत आले खरे, पण उंबरा ओलांडल्यावर त्यांना हात कुठं ठेवावेत ते कळेना. शेवटी त्यांनी लीलाबाईंच्या पायाला हात लावला.

लीलाबाईनं फोन नाकाजवळ धरला आणि एकेक शब्द वाचला. “‘मंजिरी सातारकर हे कृष्णाई नाट्य मंडळीच्या नायिकेचे रंगमंचावरील नाव होते. १९६८ ते १९७१ या काळात हे नाव राहीबाई यांनी आणि १९७१ ते १९८३ या काळात लीलाबाई यांनी वापरले.’” मग तिनं ते परत वाचलं. तिसऱ्यांदा ‘लीलाबाई’ एवढाच शब्द वाचला, काचेवर बोट ठेवून.

“बास?” ती म्हणाली.

“सध्या येवढंच,” धुळा अवघडून म्हणाला. “बक्षिसाचं खाली हाय, तुमच्या नावापुढं. साल अजून नक्की न्हाई, म्हनून मावशींच्या लेखात हाय तसं ‘१९७५ किंवा त्यानंतर’ आसं लिवलंय.”

“पुरे रे बाबा. भरपूर आहे.” ती डोळे पुसत हसली. “आणि मी मेलेय का?”

“आता न्हाई. तुमचा लेख वेगळा न्हाई, त्यामुळं मरायची सोयच न्हाई.”

धुळानं सगळ्यांच्या समोर पानाच्या माथ्यावरची वादाची पाटी काढून टाकली. सुभेदारांना विचारून, प्रांजलला विचारून, आणि लीलाबाईला विचारून. मग तो निघायला उठला, तोच सुभेदारांनी घसा साफ केला.

“बाई, एक विचारू? आमच्या आईचं काम मी बघितलेलं न्हाई. फोटो बी नीट न्हाई, अर्धा पदरच हाय. कशी करायची ती?”

लीलाबाईनं फोन प्रांजलकडं दिला. मग म्हणाली, “मालकांनी मला पंधरा दिवस विंगेत बसवलं होतं. राहीच्या लग्नाआधी. सांगितलं होतं, तिचा श्वाससुद्धा उचल, फरक दिसला तर घरी. पहिली दोन वर्षं मी माझं एक पाऊलही टाकलं नाही. जे टाकलं ते राहीचं.”

ती उठली. भिंतीचा आधार घेत खोलीच्या मधोमध आली. तिसऱ्या अंकातला तो प्रवेश, नवऱ्याचं सरहद्दीवरून पत्र येतं आणि सुनेला वाचता येत नाही. तिनं रिकाम्या हातात कागद धरला. आधी तो उलटा धरला, मग सुलटा केला, मग त्यावर तळवा फिरवून बघितला, जणू अक्षरं हाताला लागतील. मान किंचित डावीकडं. खालचा ओठ दातात. त्र्याहत्तर वर्षांची लीला कुठंतरी गेली, आणि मला चोपन्न वर्षांपूर्वीची राही दिसली. मी शपथेवर सांगते. धुळानं लिहिलं नाही तरी चालेल.

सुभेदार खुर्चीच्या कडेवर पुढं झुकले होते. “मान अशीच करायची ती,” ते म्हणाले. “मनिऑर्डरची पावती वाचताना. अगदी अशीच.”

धुळा दारात चपला हातात घेऊन उभा होता. या वेळी फोन त्यानं खिशातून काढलाच नाही.

“परत एकदा करा,” सुभेदार म्हणाले.

“तिचं करू का माझं?” लीलाबाईनं विचारलं. “पुढं माझं वेगळं झालं होतं. मी पत्र छातीशी धरायचे, वाचायचा प्रयत्नच नाही करायचे.”

“आधी आईचं,” सुभेदार म्हणाले. “मग तुमचं दाखवा.”